बिदागी मागितली म्हणून कला बाटत नाही

गेल्या माघात पेणमध्ये लोककलेवर एक परिसंवाद झाला. शेवटच्या वक्त्यांचं वाचन दांडगं, आवाज मृदू आणि कोकणाबद्दलची मायाही खरी. ते म्हणाले, "लोककला ही सेवा होती. गावदेवीपुढे वाजवणाऱ्यानं कधी पैसे विचारले नाहीत. ज्या दिवशी कलावंतानं आकडा सांगितला, गाडीभाडं मागितलं, त्या दिवशी लोककलेतला लोक निघून गेला आणि धंदा तेवढा राहिला." सभागृहात टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत मांडीवर टिमकीची पिशवी घेऊन बसलो होतो. सकाळी उद्घाटनाला खालूबाजा आम्हीच वाजवला होता. त्याबद्दल आम्हाला चहा, वडापाव आणि प्रत्येकी एक गुलाबाचं फूल मिळालं होतं.

मी तिथे काही बोललो नाही. इतक्या शिकलेल्या माणसांत उठून बोलायचा धीर झाला नाही, हे खरं. परतीच्या वाटेवर नागोठण्याच्या पुढे आमच्या सनईवाल्या काकांनी विचारलं, "म्हणजे आपण काय चोरी केली का रे?" काका पासष्टीचे. त्यांना गाडीत उत्तर देता आलं नाही, ते आता देतो.

सेवा म्हणून ज्या काळाकडे बोट दाखवलं जातं त्या काळात वाजवणं फुकट नव्हतं. बारा बलुतेदार सगळ्यांना पाठ असतात, अठरा अलुतेदारांची नावं मात्र फार थोड्यांना सांगता येतात. त्या यादीत गोंधळी आहे, घडशी आहे. घडशी म्हणजे देवळापुढे सनई-चौघडा वाजवणारा. सुगीला खळ्यावर भाताची रास पडली की तिच्यातून त्याचा वाटा निघायचा. लग्नात शिधा, सणाला पोस्त, कुठे कुठे कसायला इनाम जमिनीचा तुकडा. देवापुढे वाजवणाऱ्यानं पैसे विचारले नाहीत ते एवढ्यासाठीच, की त्याच्या वर्षाचा दाणागोटा गावानं आधीच बांधून दिलेला होता. आमच्या भागातली धवलारीण घ्या. पेणच्या खारेपाटात आगरी लग्न तिच्या धवल्यांशिवाय लागत नसे. हळदीपासून अक्षतांपर्यंतचा प्रत्येक विधी ती गाऊन पार पाडायची. तिला लुगडं मिळायचं, तांदूळ-नारळ मिळायचा, दक्षिणा मिळायची आणि त्यात कमी पडलं तर ती मांडवात बोलूनही दाखवायची. तिच्या त्या बोलण्यानं कुणाचं लग्न विटाळलं नाही.

पुढे ही व्यवस्था मोडली. गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवा इनामांचा निकाल १९५३ च्या कायद्यानं लावला, कूळकायद्यानं शेतीचं गणित बदललं, मुंबईच्या गिरण्यांनी आणि नंतर धाटावसारख्या औद्योगिक वसाहतींनी माणसं ओढून घेतली. खळ्यावरचा वाटा बंद झाला. देवळापुढे वाजवण्याची अपेक्षा मात्र बंद झाली नाही. गावानं आपली देण्याची बाजू सोडली आणि कलावंताची देण्याची बाजू त्याच्या गळ्यात तशीच ठेवून तिला सेवा असं नाव दिलं. वक्त्यांना जी परंपरा दिसते ती या अर्ध्या तुटलेल्या कराराची आहे.

पण म्हणून मला बलुतं परत हवं आहे, असं कुणी समजू नये. बलुत्यात दाणे होते आणि दाण्यांबरोबर जात होती. वाजवायचं कुणी, वाजवताना उभं कुठे राहायचं, देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत यायचं, हे जन्मानं ठरलेलं असे. नाही म्हणायची सोय नव्हती. १९२७ साली आमच्या शेजारच्या महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बौद्ध घरांनी गावकीचं वाजवणं सोडलं. ढोल खुंटीला लावले, काहींनी ते मोडून टाकले. त्या माणसांचं वाद्यावरचं प्रेम आटलं होतं का? मुळीच नाही. त्याच समाजातून वामनदादा कर्डक एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरले, त्याच समाजातून विठ्ठल उमप उभे राहिले आणि २०१० साली नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांचा शेवट झाला. या लोकांनी संगीत सोडलं नव्हतं. हुकूम झाला की हजर व्हायचं आणि पुढ्यात पडेल ते उचलायचं, ते त्यांनी सोडलं होतं.

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन थांबतो. स्वतंत्र कलावंत म्हणजे ज्याला "या तारखेला येतो" म्हणता येतं आणि "या पैशात जमणार नाही" हेही म्हणता येतं तो. बिदागीचा आकडा बोलणं ही त्याच्या स्वातंत्र्याची खूण आहे. ज्याला आकडा बोलायची मुभा नाही त्याच्या वाजवण्याला आमच्या आजोबांच्या पिढीत वेठ म्हणत. वेठीला सेवा म्हणून ओवाळणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की आम्ही त्या पायरीवरून उठून आलो आहोत.

परिसंवाद पेणमध्ये झाला म्हणून पेणचीच गोष्ट सांगतो. या गावात वर्षभर गणपती घडतात. हमरापूर, जोहे या बाजूला घराघरात कारखाना आहे. मूर्ती किती फुटांची, शाडूची की प्लॅस्टरची, रंग कसला, डोळ्यांची आखणी कुणाच्या हातची, यावर किंमत ठरते. आखणीचा कारागीर वेगळा असतो, त्याच्या हाताला मान असतो आणि त्या हाताचे पैसेही मोजले जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच खोक्यांत बंद होतात. हा सगळा उघड व्यवहार आहे, आणि तरीही पाटावरच्या त्या मूर्तीपुढे हात जोडताना कुणाच्या मनात येत नाही की भक्ती विकली गेली. मूर्तीचे पैसे मोजून देतो, मांडववाल्याचे देतो, रोषणाईवाल्याचे देतो. त्याच गणपतीपुढे रात्रभर जाखडी नाचणाऱ्या पोरांना मात्र चहा. पैसे विचारले की त्यांची श्रद्धा कमी पडली. मातीला आकार देणाऱ्याला एक न्याय आणि वाऱ्याला आकार देणाऱ्याला दुसरा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आमच्या मंडळात जी माणसं गणपतीत जाखडी करतात तीच दसऱ्याला खालू वाजवतात आणि शिमग्यानंतर शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांना जातात. दोघं धाटावला कंत्राटावर आहेत, एक जण मिनीडोर चालवतो, तिघं शेती करतात, एक गवंडी. यावरून काही जण म्हणतात, "तुमचं पोट काही याच्यावर नाही, हा तुमचा छंद." त्यांनी आमची वही बघावी. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका सुपारीची बिदागी ठरली १६ हजार. गाडीचे गेले ६ हजार. रस्त्यातलं जेवण आणि चहा १८००. ड्रेसची धुलाई, ढोलाला नवीन दोऱ्या, एक पान बदललं, त्याचे हजार. राहिले ७२००, माणसं बारा, प्रत्येकी ६००. निघताना दुपारची पाळी बुडाली, परत आलो पहाटे पाचला म्हणून दुसऱ्या दिवसाचाही खाडा. दोन खाड्यांपुढे सहाशे रुपये. छंद म्हणणाऱ्यानं हिशेब उलटा वाचलेला असतो. आम्ही पोटासाठी दुसरं काम करतो, कारण वाजवण्यातून पोट भरू दिलं जात नाही. आणि भात लावणीच्या दिवसांत तर सुपारीच नसते, तेव्हा ढोल घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचा आणि चिखलात उतरायचं.

प्रवासाचं मी रडगाणं गात नाही. रात्री गाडीत जी मजा येते ती दुसऱ्या कशात नाही. वडखळला उतरून चहा प्यायचा, कोणीतरी नवीन चाल गुणगुणायची, मागच्या बाकावरच्यानं गुडघ्यावर ठेका धरायचा आणि रोह्यापर्यंत गाणं बसलेलं असायचं. आमची निम्मी गाणी मुंबई-गोवा महामार्गावर झाली आहेत. या रस्त्याचं पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ पासून ऐकतो आहोत. त्या खड्ड्यांनी आमचा एक ढोल फोडला, गाणी मात्र पुष्कळ दिली.

महोत्सवाचं काय होतं ते मात्र जवळून दाखवलं पाहिजे, कारण लोककलेची हानी नेमकी तिथे होते आणि दोष बिदागीला लावला जातो. समुद्रकाठच्या एका मोठ्या महोत्सवात आम्हाला संध्याकाळी सातची वेळ दिली होती. आम्ही चारला पोचलो. मंचामागे ताडपत्री टाकलेली जागा, बसायला काही नाही, बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. समुद्राचा दमट वारा. चामड्याला दमट हवा लागली की ते उतरतं, आवाज बद्द येतो. म्हणून आम्ही वाळूत चार काटक्या पेटवून ढोल शेकत बसलो. सुरक्षारक्षकानं येऊन विस्तव विझवला. त्याचं बरोबर होतं, शेजारी मांडवाचं कापड होतं. काकांनी सनईची पाती तोंडात धरून ओली ठेवली होती. साडेसात झाले, आठ झाले. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, भाषणं झाली. पाती सुकली की सूर चिरकतो, आणि फार वेळ ओली राहिली तर फुगते. काका ती दर थोड्या वेळानं काढून बोटांत धरायचे, वाऱ्याला दाखवायचे, परत ओठांत घ्यायचे. त्यांच्या शेजारी सूर धरणारा पोरगा तोंडानं हलकेच आस धरून बसला होता, स्वर डोक्यातून जाऊ नये म्हणून. असे पावणेतीन तास. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आमचं नाव पुकारलं आणि निवेदक कानात म्हणाला, "आठ मिनिटं. दहाला बंद."

दहाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, पुढे त्यात वाद्यांचाही समावेश झाला. वर्षातले १५ दिवसच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगला आहे, आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवी. पण रात्रभर चालणाऱ्या कलेवर त्या नियमाचा घाव बसतो, तेव्हा वेळ कुणाची कापायची हे आयोजक ठरवतात आणि ती प्रत्येक वेळी आमचीच असते. भाषण आठ मिनिटांत आटपा, असं पाहुण्यांना कोण सांगणार? खालू सुरू होतो संथ. ढोल पायाला वाट दाखवतो, टिमकी मागून धरते, सनई दोन-तीन फेऱ्यांनंतर वर चढते, आणि नाचणाऱ्याचं अंग पंधराव्या मिनिटाला कुठे सैल होतं. आठ मिनिटांत मी काय वाजवू? थेट शेवटची लय. त्या रात्री आम्ही तेच केलं. लोक नाचले, शिट्ट्या आल्या. काकांनी खाली उतरून सनई पिशवीत ठेवली आणि जेवले नाहीत.

वक्त्यांच्या भाषणातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तो इथला. मंचावर लोककला छाटली जाते, रंगीत होते, घाईची होते. हे दुःख त्यांच्यापेक्षा मला जास्त आहे, कारण ती छाटणी माझ्या हातून करवून घेतली जाते. पण कारण तपासा. आठ मिनिटं बिदागीनं केली का? उलट ज्याला फुकट बोलावलेलं असतं त्याला ताटकळत ठेवायला आयोजकाला काही लागत नाही. भरपूर पैसे मोजून आणलेल्या चित्रपटातल्या गायकाला कुणी मंचामागे पावणेतीन तास बसवत नाही. ज्याचं मोल दिलं जातं त्याच्या वेळेची किंमत राखली जाते.

आणि पैसे घेतल्यानं लोक निघून जातो, हे म्हणणाऱ्यांनी परळचं दामोदर नाट्यगृह आठवावं. १९२२ साली सुरू झालेलं ते नाट्यगृह कोकणातल्या चाकरमान्यांचं दुसरं गाव होतं. तिथे नमन व्हायचं, शक्ती-तुऱ्याचे सामने व्हायचे, आणि ते तिकीट लावून व्हायचे. गिरणीत आठ तास उभा राहिलेला माणूस खिशातून पैसे काढून आपल्या गावच्या शाहिराची बारी ऐकायला यायचा. तो लोक नव्हता तर कोण होता? २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा कलावंत त्याच्यासाठी झगडले. राजस्थानातले लंगा आणि मांगणियार तर पिढ्यानपिढ्या यजमानाच्या घरी गाऊन हक्कानं देणं घेत आले. तेच लोक आता जगभरच्या मंचांवर गातात आणि पोरांना तीच गाणी शिकवतात. आपल्या राज्याचं राज्यगीत म्हणून २०२३ मध्ये जे गाणं स्वीकारलं गेलं ते राजा बढेंनी लिहिलं, श्रीनिवास खळ्यांनी बांधलं आणि गायलं शाहीर साबळ्यांनी, ज्यांनी आयुष्यभर मंडळी घेऊन दौरे केले आणि त्या दौऱ्यांवर माणसं पोसली. शासनानं ज्याचा स्वर आपला म्हणून निवडला तो धंदेवाईक कलावंताचा स्वर होता. धंदा शब्दाला इतकं घाबरायचं कारण नाही.

सेवेच्या या गौरवाची टोकाची कथा म्हणजे विठाबाई नारायणगावकरांची. तमाशा चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे प्रत्येक व्याख्यानात डोळ्यांत पाणी आणून सांगितलं जातं. मीही पूर्वी सांगत असे. एकदा आमच्याच मंडळातल्या एका मुलीनं मला विचारलं, "त्यांना त्या दिवशी सुट्टी का नव्हती?" त्यानंतर मला ती गोष्ट भक्तीची म्हणून सांगता आली नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले. २००२ साली त्या गेल्या तेव्हा हलाखीत होत्या. आज त्यांच्या नावानं राज्य सरकारचा पुरस्कार दिला जातो. हा क्रम बदलायला हवा, असं वाटणं म्हणजे पैशाचा लोभ आहे का?

"नाव होतं ना पण तुमचं," हे आणखी एक. आमच्या काकांच्या घरी कुडाच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर एकोणतीस सन्मानचिन्हं आहेत. काचेची, लाकडाची, प्लॅस्टिकची. शाली पेटीत. ती ते जपतात त्याचं कारण मला अलीकडे कळलं. शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. २०२४ पासून दरमहा ५००० रुपये मिळतात. वय ५० च्या वर लागतं आणि इतकी वर्षं कला केल्याचे पुरावे लागतात, म्हणजे फोटो, प्रमाणपत्रं, कात्रणं. योजना चांगली आहे, तिनं अनेक म्हाताऱ्या कलावंतांच्या घरची चूल पेटती ठेवली आहे. पण चाळीस वर्षं ज्यानं वाजवलं त्याच्याकडे एकाही सुपारीची पावती नाही, कारण कुणी लेखी दिलंच नाही. सन्मानचिन्ह हाच त्याचा कागद. "नाव होतं" म्हणणाऱ्यांनी त्या नावापुढे एक रक्कम लिहून सही केली असती तर काकांना फळी झाडत बसावं लागलं नसतं.

नावाचंही खरं नाही. आमची एक चाल एका विश्रामगृहाच्या जाहिरातीत वाजते. खाली लिहिलंय "पारंपरिक". ती चाल आमच्या शाहिरांनी कोलाडच्या पुलावर गाडी बंद पडली तेव्हा बांधली, शेवटच्या कडव्यात त्यांच्या गुरूचं नाव आहे. शक्ती-तुऱ्यात दरवर्षी नवीन पदं रचावी लागतात, समोरच्या शाहिराला जुन्या पदांनी उत्तर देता येत नाही. लोककला कुणाचीच नसते म्हणून ती सगळ्यांना फुकट, हे सांगणाऱ्यांना या रचणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. कायद्याला तो दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला आणि २०१२ मध्ये सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर स्वामित्वधनाचा वाटाही. गाणं जुनं असलं तरी ते वाजवणारा श्वास माझा असतो, एवढं कायदा मानतो. परिसंवादातल्या विद्वानांनी निदान तिथपर्यंत यावं.

पैसे न घेता आम्ही वाजवत नाही, असं मात्र नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि पालखी दिवसभर, रात्रभर शहरातून घरोघरी फिरते. त्या पालखीपुढे काका वाजवतात आणि एक पैसा घेत नाहीत. कुणी दिला तर परत करतात. ते ग्रामदैवत त्यांचं आहे, ती रात्र त्यांनी स्वतः निवडलेली आहे. पहाटे तीनला सनई अशी लागते की नाचणारा क्षणभर थांबतो. ही सेवा. ती काकांनी द्यायची असते. दुसऱ्यानं कार्यक्रमपत्रिकेवर छापून ती त्यांच्याकडून वसूल करायची नसते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. तारीख, वेळ आणि रक्कम लेखी. अर्धी रक्कम आधी. बायकांना बंद दाराची खोली. वाजवायला सलग अर्धा तास, आणि उशीर झाला तर भाषणं कापा. आमचं ध्वनिमुद्रण वापरलं तर शाहिराचं नाव आणि त्याचा वाटा.

गेल्या भाद्रपदात कोलाडच्या बाजूच्या एका छोट्या वाडीनं बोलावलं होतं. चाळीसेक उंबरे. विसर्जनाची मिरवणूक संपली, आम्ही ढोल उतरवत होतो. मंडळाचा खजिनदार, विशीतला पोरगा, वही घेऊन आला. पान उघडून त्यानं माझ्यासमोर धरलं. मूर्ती, मांडव, फुलं, प्रसाद, आणि त्यांच्याच खाली त्याच अक्षरात "खालूबाजा – ९०००". पुढे सहीची जागा. त्यानं नोटा मोजून काकांच्या हातात दिल्या, पेन दिलं. काकांनी सावकाश सही केली, वही त्याच्याकडे फिरवली. मग तो म्हणाला, "काका, आता चहा घेऊनच जायचं."